अंगणांतील बकाणनिंब

यवत परिसरांत पुणें-सोलापूर रस्त्यालगत नवीं घरें उठत आहेत आणि त्यांच्यापुढें शोभेचें झाड कोणतें लावावें, हा प्रश्न वारंवार निघतो. जांभळीं फुलें हवीं असल्यास बहुतेक जण ताम्हणाकडे वळतात. ताम्हण सुंदर खरा, महाराष्ट्राचें राज्यफूलही त्याचेंच. परंतु तो मूळचा कोंकणांतील ओढ्याकांठचा. मुठा कालव्याचें पाणी ज्याच्या बांधाशीं येतें, त्यानें तो हौसेनें लावावा. कोरड्या माळावरील गृहस्थानें मात्र बकाणनिंब पाहावा, असें आमचें मत आहे. इंग्रजींत यास पर्शियन लायलॅक म्हणतात. हिवाळ्यांत पानें झडतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं फिकट जांभळ्या, सुवासिक फुलांचे तुरे येतात. वाढ झपाट्याची, पण फांदी ठिसूळ, सबब वळवाच्या वाऱ्याचा विचार करून छपरापासून दूर लावावा.

खरी अडचण फळांची. तीं पिवळीं, वाटोळीं फळें पानगळीनंतरही झाडावर लोंबत राहतात, मुलांच्या नजरेस भरतात, आणि तीं विषारी आहेत. पालाही पोटांत घेण्याजोगा नव्हे. पाडव्यास कडुनिंब म्हणून कोणी हाच पाला घरांत आणला तर? म्हणून ओळख पक्की हवी. कडुनिंबाच्या पानाच्या एकाच मधल्या दांड्यास दोहों बाजूंस पर्णिका असतात. बकाणाच्या दांड्यास पुन्हां उपदांडे फुटून त्यांवर पर्णिका येतात. कडुनिंबाचीं फुलें पांढरीं, लिंबोळी लांबट.

घरांत रांगतें मूल असल्यास हें झाड अंगणांत नकोच. शेळ्यांच्या दावणीपाशींही नको.