गांजाचा वास आणि कपाशीचा भाव



ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला : कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. अर्ज गांजाचा होता, दुखणे भावाचे होते.

आता पारावर नवीन गोष्ट ऐकू येते. बँकॉकहून आलेला, फळांच्या वासाचा संकरित गांजा मुंबई विमानतळावर पकडला जातो आणि त्याची किंमत कोटींत छापून येते. मग कोणी म्हणतो, कपाशीच्या ओळीत दहा झाडे लावली तर? आम्ही स्पष्ट सांगतो, लावू नका. हे आम्ही घाबरून म्हणत नाही, हिशेब करून म्हणतो.

पहिला हिशेब वाणाचा. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर चिकट लव असते. नशेचे द्रव्य, म्हणजे टीएचसी, आणि वासाची तेले तिच्यातच असतात. लिंबाच्या सालीतले लिमोनीन आणि आंब्यातले मिर्सीन इथेही सापडते, म्हणून एका वाणाला आंब्याचा वास, दुसऱ्याला संत्र्याचा. पण नराचा पराग लागला की बी धरते आणि मालाची किंमत जाते. उन्हात वाळवले तर वास उडतो. परतीच्या पावसात दाट फुलोऱ्याला बुरशी लागते. म्हणून हा माल बंद खोलीत, दिव्यांखाली पिकवतात. ज्याच्या मोटारीला पुरती वीज नाही, त्याने खोली थंड ठेवायची कशी? शिवाय घरचे बी पेरून तोच वास येत नाही, कलमे लागतात. सीएसएच-१ ज्वारी १९६४ साली आली, एच-४ कपाशी १९७० साली. संकरित बियाण्यासाठी दरवर्षी दुकानाची पायरी चढणे म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरा हिशेब कायद्याचा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २० व्या कलमात गांजाच्या लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दलाल नामानिराळा राहतो, सातबाऱ्यावर नाव आपले असते.

तिसरा हिशेब भावाचा. आज दिसणारी किंमत मालाची नाही, बंदीची आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला. जो तो लावू लागला आणि भाव कोसळला. जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारने पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. सरकारच्या एका फतव्याने बाजार उघडतो आणि मिटतो, हे कांदा पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग मागायचे काय? याच कायद्याच्या १४ व्या कलमात धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय आहे. नशेचे द्रव्य ०.३ टक्क्यांपर्यंतच असलेल्या धाग्याच्या भांगेला उत्तराखंडने २०१८ पासून परवाने दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिच्या बियांना आणि तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली. मग महाराष्ट्राला अडचण कसली? मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात हे पीक येते का, परवडते का, याच्या चाचण्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने घ्याव्यात आणि खर्चाचे आकडे शेतकऱ्यापुढे ठेवावेत. त्यात नफाच होईल, असे आश्वासन आम्ही देत नाही. काय पेरायचे ते ठरवण्याचा हक्क मात्र पेरणाऱ्याचा आहे.

अन्यायाचा कायदा मोडायचा तर उघड्यावर मोडायचा. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला बंदी असलेले एचटीबीटी कपाशीचे बी शेतकऱ्यांनी जाहीर करून, दिवसाढवळ्या पेरले. तुरीच्या आड लपवलेले झाड म्हणजे सत्याग्रह नव्हे. त्याने एक घर तुरुंगात जाते आणि कपाशीचा भाव एका रुपयाने वाढत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडू : धाग्याच्या भांगेच्या चाचण्या, आणि कपाशी-ज्वारीला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव. पहिला ठराव रेंगाळला तरी चालेल. दुसऱ्यासाठी थांबायची ताकद आता कोणात उरलेली नाही.