पोरं तपासता? मग गावही तपासा!

दोस्तांनो, सरकारी आरोग्याची गाडी शाळेत येते, ती तुम्ही पाहिली असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ साली सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. डोळे बघतात, दात बघतात, वजन घेतात, छातीला नळी लावतात. जवळ तीस दुखण्यांची यादी. वस्तीतल्या पोराच्या काळजाला भोक आहे हे याच गाडीमुळं कळतं. त्याला आपण नावं ठेवणार नाही.

पण त्या यादीत एक दुखणं नाही. मध्यरात्री दारावर पडलेल्या लाथा ऐकलेलं पोर. भर चौकात बापाला मारताना पाहिलेलं पोर. ते त्याच रांगेत उभं असतं. वजन बरोबर, दात बरोबर. शेरा : निरोगी.

असं एक पोर मी पाहिलंय. आठ वर्षांचं. मोटारसायकलचा आवाज आला की चुलीमागं जाऊन बसायचं. मास्तर म्हणायचा, मठ्ठ आहे. मठ्ठ! च्यायला, त्या वस्तीत सगळ्यात जास्त त्यालाच कळलं होतं.

आपला नगर जिल्हा घ्या. आता अहिल्यानगर म्हणायचं. पाटी बदलली, गावकूस तेच. १ जानेवारी २०१३, सोनई. मेहतर समाजाचे तीन तरुण कापले. २८ एप्रिल २०१४, जामखेड तालुक्यातलं खर्डा. नितीन आगे, वय सतरा. शाळेतून मारत नेल्याचा आरोप. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टानं आरोपींना निर्दोष सोडलं. साक्षीदार उलटले होते. खटल्याची फाईल बंद. पण त्या वेळी बाकांवर बसलेली आपली बाकीची पोरं? 'आपल्यातल्याला मारलं आणि कुणालाच काही झालं नाही' हा धडा ती शिकली. त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे?

आता शहाणी माणसं म्हणतात, पोरांच्या मनावरचे घावही तपासा. अमेरिकेत हे चालू आहे. १९९८ साली फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी दाखवलं की लहानपणी भोगलेलं म्हातारपणापर्यंत शरीर पोखरतं. त्यातून दहा प्रश्नांचा कागद निघाला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२० पासून गरिबांच्या सरकारी योजनेत अशा एका तपासणीमागं डॉक्टरला २९ डॉलर मिळू लागले. त्याच वर्षी खुद्द अँडानं बजावलं की हा आकडा एकेका माणसाचं भविष्य ठरवायला वापरू नका.

तो कागद जरा आपल्या वस्तीत आणून बघा. बहुतेक प्रश्न घराच्या उंबऱ्याच्या आतले. बाप पितो का? आईला मारतो का? घरातलं कुणी तुरुंगात गेलंय का? आपला निम्मा घाव तर उंबऱ्याबाहेरचा आहे! पाणवठ्यावरचा, शाळेतल्या शेवटच्या रांगेतला, पोलीस चौकीतला. आणि तुरुंगाचा प्रश्न पारध्याच्या पोराला विचारणार? १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली कायदा गेला तरी पोलिसांची नजर गेली नाही, त्यांच्या पोराच्या नावावर आता डॉक्टरच्या हातानं आणखी एक खूण? गुन्हा गावाचा आणि आजारी आमचं पोर! हे चालणार नाही.

तर आपले काही कार्यकर्ते म्हणतील, मग ही बुर्झ्वा थेरं हवीतच कशाला? अत्याचाराला उत्तर मोर्चा. बरोबर. पण जरा स्वतःकडं बघा. घटना घडते, आपण जातो, घोषणा देतो, संध्याकाळच्या एस.टी.नं परत येतो. पोर तिथंच राहतं. त्याच गावात, त्याच शाळेत, त्याच माणसांसमोर.

१९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. जात कळल्यावर गाडी मिळेना. दुप्पट भाडं देऊन पोरांनीच बैलगाडी हाकली; रात्रभर पाणी नाही. तीसेक वर्षांनी, जगभरच्या पदव्या घेतल्यावरही, बाबासाहेबांनी ती रात्र बारकाव्यांसकट लिहून काढली. घाव किती वर्षं ओला राहतो याला आणखी पुरावा कशाला? आणि प्रत्येक पोराच्या हाती लेखणी येत नाही. कुणाच्या हाती बाटली येते, कुणाच्या हाती दोर.

म्हणून तपासणी हवी. पण आमच्या अटींवर.

वर्गात, मास्तरसमोर विचारायचं नाही. ज्यानं मागं बसवलं त्याच्यासमोर पोर काय बोलणार? कागद शाळेत किंवा पोलिसांत जाता कामा नये. तालुक्याच्या दवाखान्यात उपचाराला माणूस नसेल तर प्रश्नच विचारू नका. जखम उघडी करून निघून जाणं हाही अत्याचारच. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला की मदतीच्या रकमेबरोबर त्या वस्तीतल्या सगळ्या पोरांची विचारपूस सुरू झाली पाहिजे, आणि ती निदान खटला संपेपर्यंत चालू राहिली पाहिजे. पाथर्डी-शेवगावकडची पोरं आईबापाच्या कोयत्यामागं गेलेली असतील तर गाडी कारखान्याच्या कोप्यांवर न्या.

विचारणार कोण? आमच्यातलीच बाई. हे स्वप्न नाही. खर्डा ज्या तालुक्यात आहे त्याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. अक्षरओळख नसलेल्या बायांना, दलित बायांनाही, त्यांनी गावाची आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग या बायांनी हाताळले. मग भ्यालेलं पोर ओळखायला त्यांना पदवी कशाला हवी? शिकवा, पगार द्या, अधिकार द्या.

आणि कागदावर अकरावा प्रश्न घाला : तुला कुणी मारलं, आणि तो अजून मोकळा फिरतोय का? त्याचं उत्तर लिहून घ्यायची ज्या सरकारची छाती नाही, त्यानं आमच्या पोरांच्या छातीला नळी लावून निरोगीचा शेरा मारू नये.

जयभीम.