आधी मांजरपाट

धार जिल्ह्यातल्या बागचं ठशांचं कापड नेसायला-घालायला देखणं आणि कापायला धास्तीचं. तुरटीवर चढलेला लाल, लोखंडाच्या गंजातून आलेला काळा, आणि एकेक ठसा खत्री कारागिरांनी हाताने उमटवलेला. कात्री चुकली की नक्षी नेमकी मुंढ्याशी तुटते. म्हणून नवा बेत आधी मांजरपाटावर शिवून बघावा. मांजरपाट पाण्यातून काढून, वाळवून घ्यायचा, नाहीतर तो नंतर आटतो आणि सगळं माप खोटं पाडतो. टाका मोठा ठेवा, म्हणजे उसवायला सोपं, काजं-बटणं नकोतच. घातल्यावर आरशासमोर नुसतं उभं राहू नका, हात वर करा, खाली बसा. काखेत काचतंय की पाठीत ताणतंय, ते तेव्हाच कळतं. अंगावरच टाचण्या लावा, खुणा करा, मग सगळं उसवून तेच तुकडे बागच्या कापडावर ठेवून बेता. (मुरलेले शिंपी याला हसतात. हसू देत, त्यांचा हात बसलेला असतो.) रेशीम-सुती माहेश्वरीचा बेत असेल तर मात्र मांजरपाट फसवतो, कारण तो ताठ उभा राहतो आणि माहेश्वरी अंगावरून घसरते. तिच्यासाठी जुनी, धुऊन मऊ झालेली साडीच फाडावी.