आयपी कॅमेऱ्यावर लाईव्ह करायचंय? पहिली ऑर्डर क्रिकेटची घेऊ नका



मागच्या व्हिडिओत मी दुकानातला साधा आयपी कॅमेरा लॅपटॉपला जोडून यूट्यूबवर लाईव्ह करून दाखवला. तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "सर, यावर टूर्नामेंट लाईव्ह करता येईल का? त्याचे पैसे मिळतील का?"

येईल. मिळतील. पण माझं मत ऐका आणि मग ठरवा. पहिली ऑर्डर क्रिकेटची घेऊ नका, कबड्डीची घ्या. मी उलटं केलं होतं, त्यात पैसेही गेले आणि नावही गेलं.

माझी पहिली ऑर्डर

गिरडमध्ये माझं सीसीटीव्हीचं दुकान. जवळच्या एका गावात टेनिस बॉलची तीन दिवसांची टूर्नामेंट होती. मंडळाचे पोट्टे आले, म्हणाले, "दादा, आपलीही मॅच मोबाईलवर दिसली पाहिजे." मी म्हटलं, त्यात काय! दुकानात २ मेगापिक्सेलचे दोन बुलेट कॅमेरे पडून होते, सिमवाला राऊटर होता, लॅपटॉप होता. ९,००० रुपये ठरले.

सकाळी सातला ग्राउंडवर जाऊन स्पीड तपासला. अपलोड १२ एमबीपीएस. मी खुश. दुपारी माणसं जमली, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि तेच अपलोड १ एमबीपीएसच्याही खाली आलं. आपल्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला गर्दी असते तेव्हा फोन लागायची काय गत होते, हे मला ठाऊक होतं. तरी ग्राउंडवर तेच होईल हे डोक्यातच आलं नाही.

फायनलची शेवटची ओव्हर. जिंकायला ९ रन. इथे ग्राउंडवर आरडाओरडा, तिकडे स्क्रीनवर चक्री फिरतेय. चाकणच्या कंपनीत काम करणाऱ्या एका मुलाचा फोन आला: "भाऊ, काय झालं? माझा लहाना भाऊ बॅटिंगला होता." त्याने सुट्टी मागितली होती, मिळाली नव्हती, म्हणून ब्रेकमध्ये फोन धरून बसला होता. मी त्याला तोंडी सांगितलं की तुझ्या भावाने सिक्स मारला आणि मॅच काढली. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

मंडळाने मला ४,००० रुपये दिले. मी भांडलो नाही. खरं सांगायचं तर ४,००० सुद्धा जास्तच होते.

कॅमेरा तोच, मैदान वेगळं

आता हिशोब बघा. बीबीएत आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवला, पण हा हिशोब मला त्या पोरांच्या ग्राउंडने शिकवला.

बाजारात सर्रास मिळणारा आयपी कॅमेरा २.८ एमएम लेन्सचा असतो. तो साधारण १०० अंशांचं दृश्य पकडतो. दुकानाच्या दारावर लावायला एकदम बरोबर. पण हाच कॅमेरा बाउंड्रीवर, पिचपासून ६० मीटरवर लावला, तर पिचच्या ठिकाणी तो जवळपास १४० मीटर रुंदीचं चित्र घेतो. फुल एचडी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे एका मीटरला १३-१४ पिक्सेल. साडेपाच-पावणेसहा फुटांचा बॅट्समन पडद्यावर २५ पिक्सेलसुद्धा उंच दिसत नाही. आणि टेनिसचा चेंडू? साडेसहा सेंटिमीटरचा चेंडू एक पूर्ण पिक्सेलही भरत नाही. ज्या मॅचमध्ये चेंडूच दिसत नाही ती कोण बघणार?

आता कबड्डी घ्या. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. तोच २.८ एमएमचा कॅमेरा लांब बाजूच्या रेषेपासून ६-७ मीटरवर, चार-पाच मीटर उंच खांबावर लावा. अख्खं मैदान चौकटीत बसतं आणि मधला खेळाडू ११०-१२० पिक्सेल उंच दिसतो. क्रिकेटपेक्षा पाचपट. कॅमेरा फिरवायला माणूस नको, झूम नको. पुरुषांची मॅच २० मिनिटांचे दोन हाफ, मध्ये ५ मिनिटं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून लोकांना कबड्डी पडद्यावर बघायची सवयही लागली आहे. गावच्या कबड्डीला प्रेक्षक शोधायला जावं लागत नाही.

क्रिकेट कधीच करू नका असं नाही. पण त्यासाठी २.८ ते १२ एमएम व्हेरिफोकल लेन्सचा कॅमेरा घ्या, बॉलरच्या पाठीमागच्या बाजूला उंचावर लावा आणि १२ एमएमवर आणून फक्त पिच पकडा. तेव्हा चेंडू चार-पाच पिक्सेलचा होतो, दिसतो. फिल्डिंगसाठी दुसरा कॅमेरा, आणि लॅपटॉपवर स्विच करायला हुशार हात. एवढं सगळं पहिल्याच ऑर्डरला जमेल का, हे स्वतःला विचारा.

शंकरपटाचंही विचारतात. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. आता विदर्भात पट पुन्हा भरतात आणि लाईव्हला मागणी आहे. जरूर करा. फक्त एक गोष्ट पाळा: निकालासाठी तुमचा व्हिडिओ वापरू देऊ नका. आपला कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं काढतो. दोन चित्रांच्या मध्ये पळती जोडी हातभर पुढे गेलेली असते. घड्याळाचं काम घड्याळाला करू द्या, नाहीतर दोन गावांच्या भांडणात तुमचा लॅपटॉप फुटेल.

इंटरनेट: खरा खर्च इथे आहे

७२० पी लाईव्हला ४ एमबीपीएस धरा. तासाला १.८ जीबी. आठ तासांचा दिवस म्हणजे साडेचौदा जीबी. रोज २ जीबीचा रिचार्ज पहिल्या तास-सव्वा तासातच संपतो. आणि अपलोड हे ४ च्या दुप्पट तरी असायला हवं, नाहीतर थोडा धक्का बसला की चित्र अडकलं.

म्हणून माझा नियम: ग्राउंडच्या जवळच्या घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत फायबर असेल तर त्यांच्याशी बोला, दिवसाचे पैसे द्या आणि लॅनची वायर पेंडॉलपर्यंत ओढा. लॅनची वायर १०० मीटरच्या पुढे चालत नाही, त्यापुढे मध्ये स्विच टाकावा लागतो. वेगळ्या कंपनीचं सिम बॅकअपला ठेवा. स्पीड तपासायचा तो गर्दीच्या वेळी, रिकाम्या ग्राउंडवर नाही. फायबर नाही आणि गर्दीत अपलोड २-३ च्या आसपासच येतंय? मग ४८० पी करा, ते दीड-दोन एमबीपीएसमध्ये भागतं. थोडं पुसट चित्र लोक चालवून घेतात, अडकलेलं चित्र घेत नाहीत.

"मग मोबाईलवरूनच लाईव्ह का करू नये?" करा की! एकाच मॅचसाठी मोबाईलचं चित्र कित्येकदा जास्त चांगलं येतं. पण मोबाईल उन्हात तापतो, मध्येच कॉल येतो, बॅटरी संपते. आयपी कॅमेऱ्याला पीओई स्विच लावला की एकाच वायरीतून वीज जाते आणि व्हिडिओ येतो. खांबावर बांधला की तीन दिवस तिथेच, आणि तुम्ही सावलीत लॅपटॉपजवळ. आपल्याला तेच तर पाहिजे.

घेताना आणि लावताना

कॅमेरा घेताना दुकानदाराला एकच विचारा: "यात आरटीएसपी आहे का?" फक्त कंपनीच्या ॲपमध्ये दिसणारा वायफाय कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी लाईव्हसाठी निरुपयोगी. आरटीएसपीचा पत्ता आधी व्हीएलसीमध्ये टाकून बघा. चित्र आलं तर ओबीएसमध्येही येईल, आणि ओबीएस फुकट आहे.

सेटिंग थोडक्यात: एच.२६४, २५ फ्रेम, आय-फ्रेम ५० वर म्हणजे दोन सेकंदांनी एक. दिवसा शटर १/२५० च्या आसपास. रात्री फ्लडलाइटमध्ये १/१०० किंवा १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दुसरा आकडा ठेवला तर चित्र लपलपतं. नाइट व्हिजनचे लाल दिवे बंद करा, नाहीतर पाखरं लेन्ससमोर नाचतात आणि रेडर दिसत नाही. नवीन चॅनल असेल तर लाईव्ह आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा. पहिल्यांदा नंबर पडताळल्यावर यूट्यूब २४ तासांपर्यंत थांबवतं. सामन्याच्या सकाळी हे कळलं तर काही उपाय नाही.

मॅच संपली, लाईव्ह चालूच

दुसरी चूक चित्राची नव्हती, आवाजाची होती. कबड्डीची फायनल झाली, मी बाहेर चहा प्यायला गेलो. लाईव्ह बंद करायचं राहिलं. कॅमेऱ्याचा माईक चालू. खाली मंडळाचे दोन कार्यकर्ते बक्षिसाच्या रकमेवरून भांडत होते, कोणी वर्गणी दिली आणि कोणी नुसतंच बॅनरवर नाव लावलं, सगळं नावानिशी. शंभर-सव्वाशे लोकांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी दोघांच्याही घरी जाऊन माफी मागितली. एकाने चहा पाजला, दुसरा अजून बोलत नाही.

तेव्हापासून कॅमेऱ्याचा माईक बंद, आवाज फक्त कॉमेंट्रीवाल्याच्या माईकचा. त्याने डीजेचाही प्रश्न सुटतो, कारण सिनेमाचं गाणं जोरात वाजलं की कॉपीराइटमुळे यूट्यूब लाईव्हच थांबवू शकतं. कॅमेरा फक्त मैदानावर, पाठीमागच्या घरांच्या अंगणावर नाही. शाळेच्या मुला-मुलींचे सामने असतील तर मुख्याध्यापक आणि पालकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा बॅगेतून काढू नका.

आणि पासवर्ड बदला, मित्रांनो! ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते, आणि त्यातून ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पाडल्या. तो आत शिरला कसा? कंपनीने दिलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता म्हणून. गिऱ्हाइकाच्या जागी कॅमेरा लावून पासवर्ड तसाच ठेवणं म्हणजे त्याच्या घराची किल्ली दारालाच टांगणं.

तुम्ही नेमकं काय विकताय?

जुलै २०२२ ची गोष्ट. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी एक नकली आयपीएल पकडली. शेतात ग्राउंड, हॅलोजन, कॅमेरे, शेतमजुरांना आणि रिकाम्या पोरांना मॅचमागे ४०० रुपये देऊन जर्सी घातलेल्या, हर्षा भोगलेंच्या आवाजाची नक्कल करणारा कॉमेंटेटर, इंटरनेटवरून उतरवलेला गर्दीचा आवाज. यूट्यूबवर लाईव्ह, आणि रशियात बसलेले लोक त्यावर सट्टा लावत होते. क्वार्टर फायनलपर्यंत कोणालाच शंका आली नाही.

मी हे वाचलं तेव्हा हसलो, मग विचारात पडलो. सामान त्यांच्याकडेही होतं, आपल्याकडेही आहे. सामान आता कोणीही आणू शकतो. मग मंडळाने तुम्हालाच का बोलवावं? कारण तुम्ही म्हणाल ते ग्राउंड, म्हणाल ती वेळ, आणि शेवटच्या ओव्हरपर्यंत चित्र. सट्टेवाल्याने पैसे दाखवले तरी त्याला वेगळी लिंक न देणारा माणूस. सामना अडकला तर "अर्धे पैसे द्या" असं स्वतःहून म्हणणारा माणूस.

म्हणून फुकट काम करू नका. "जाहिरात होईल" म्हणून फुकट केलं की चूक झाल्यावर जबाबदारीही कोणी घेत नाही, तुम्हीपण नाही. कमी घ्या, पण घ्या, आणि कागदावर लिहा: किती तास, कोणती क्वालिटी, इंटरनेट कोणाचं, अडकलं तर किती परत. आणि "एचडी लाईव्ह" असं लिहायच्या आधी गर्दीतलं अपलोड आठवा.

मागच्या वर्षी त्याच गावात कबड्डी होती. मंडळ नवीन, पण बोलवायला मलाच आले. एक कॅमेरा, शाळेतून घेतलेली फायबरची लाइन, कोपऱ्यात स्कोअर. चित्र एकदाही अडकलं नाही. खाली लोकांचे निरोप येत होते: बुटीबोरीहून, पुण्याहून, एक तर दुबईहून. चाकणचा तो मुलगा होता की नाही माहीत नाही. त्याचा फोन आला नाही, आणि मला त्याचंच बरं वाटलं.

या आठवड्याचं काम: तुमच्या गावात पुढच्या दोन महिन्यांत कुठे कबड्डी आहे ते शोधा, तिथे गर्दीच्या वेळी जाऊन अपलोड मोजा, आणि जवळचं फायबर कोणाच्या घरी आहे ते विचारून या. कॅमेरा त्यानंतर घेऊ. घाई करू नका, तो कुठे पळून जात नाही.