यादीत नाव हवं, घर नंबर कशाला?

डिझेल सबसिडी कोणाला किती मिळाली हे सगळ्यांना कळायलाच हवं. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4 प्रमाणे सरकारी खात्याने लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करायचा असतो. पण त्यासाठी नाव, होडीचा नंबर, गाव आणि रक्कम पुरे.

गोव्यात 1 ऑगस्टला बंदी उठली की पुरुष दर्यात, घरी म्हातारी माणसं आणि पोरं. घर नंबर यादीत असला की कुठल्या घरात कर्ता माणूस नाही ते कोणालाही समजतं. वर फोन येतो, 'सबसिडी अडकलीय, ओटीपी सांगा.' समोरच्याने पत्ता बरोबर सांगितला की विश्वास बसतोच.

सोसायटीने पूर्ण पत्ता नि मोबाईल ऑफिसच्या रजिस्टरातच ठेवावा. फलकावर, ग्रुपवर फक्त गाव लिहावं. पुढच्या सभेत हा ठराव मांडूया.