कोपीतला हिवाळा

दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते (नवरा-बायको मिळून एक कोयता) साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, सरपण आणि आईच्या मांडीवर तान्हं मूल.

पुढचे पाच-सहा महिने या मुलाचं घर म्हणजे पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. दाराशी चूल, आत धूर, रात्री उघड्या रानाची थंडी. आई पहाटेच फडात जाते, मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर. त्याला खोकला होतो, छाती भरते, पोट उडायला लागतं. दवाखाना गाठायचा तर दिवस मोडतो, आणि मोडलेल्या दिवसाचा खाडा, म्हणजे दंड, अंगावर येतो. मग ‘उद्या बघू’. न्यूमोनियात हा उद्या फार महाग पडतो.

जंतू शहरातल्या फ्लॅटमध्येही तोच असतो. तिथे संध्याकाळपर्यंत बालरोगतज्ज्ञ गाठता येतो, एवढाच फरक. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्यांत अजून ‘आईबापांचं अज्ञान’ हेच कारण वाचावं लागतं. खाड्याचं नाव त्यात नसतं.

हा आजार ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. शांत पडलेल्या बाळाचे मिनिटभराचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांखाली 60, वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, तर उपचार लगेच हवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1988मध्ये हे काम गावातल्याच आरोग्यसेवकांच्या आणि दायांच्या हाती दिलं. आकडे न येणाऱ्या दाईसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन केलं. औषध साधं, तोंडाने घ्यायचं. न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि 1990मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. म्हणजे उत्तर सापडून तीन दशकं उलटली आहेत, तेही आपल्याच राज्यात.

न्यूमोकोकल लसही 2021पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. आता श्रावणात जन्मलेलं बाळ घ्या. पहिला डोस गावच्या अंगणवाडीत होतो. दुसऱ्याच्या वेळी ते कोपीत असतं, आणि तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं. आई अर्धपोटी, अंगावरचं दूध दिवसभर फडात अडकलेलं; कुपोषणाचा मुद्दा निराळा सांगायला नकोच.

यंदाचा अंक म्हणूनच आम्ही स्थलांतरावर काढला आहे. आणि एक मागणीही आहे. गाळप परवाना देताना कारखान्याचा काटा आणि देणी तपासली जातात, तशी कोप्यांच्या तळावरची लसीकरणाची यादी आणि श्वास मोजणारी आशाताईही तपासावी. मुलाच्या दवाखान्याच्या दिवसाला खाडा नसावा. सणाच्या दिवसांत मागण्या कसल्या, असं वाटेल. पण हंगाम नेमका आत्ताच सुरू होतो.