पादऱ्याचा ‘ऱ्या’ आणि जुन्या साच्यांची निवृत्ती

दोन संगणकप्रणालींमधील माहितीची देवाणघेवाण ज्या खिडकीतून होते, तिला एपीआय म्हणतात. माहिती कोणत्या साच्यात आत घ्यायची आणि कोणत्या साच्यात बाहेर द्यायची, हे त्या खिडकीचा चालक ठरवितो. काही वर्षांनी एखादा जुना साचा बंद होत असल्याची सूचना निघते. सूचना तांत्रिक दिसते. परंतु ज्यांचे लेखन त्या साच्यात आहे, त्यांच्या दृष्टीने तो भाषिक हक्काचा प्रश्न असतो. जुने साचे अखंड चालवावेत, असे आमचे म्हणणे नाही. ते अवश्य बंद करावेत. मात्र त्यांतील मजकूर शाबूत बाहेर काढून देण्याचा भार बंद करणाराने उचलावा, एवढेच आमचे प्रतिपादन आहे.

मराठीने हा अनुभव एकदा घेतला आहे. पादरा हे गाव पूर्वी बडोदा संस्थानात होते. गायकवाडी कारभारातील मराठी कागद मोडीत लिहिले जात. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच सुमारास मोडी शाळांतूनही मागे पडत गेली. छपाईच्या युगात बाळबोध लिपी स्वीकारणे योग्यच होते. चूक लिपी बदलण्यात नव्हती. रुमालांतील कागदांचे लिप्यंतर करून न ठेवण्यात होती. परिणामी घरात उत्तम मराठी बोलणाऱ्या नातवाला पणजोबांचा कागद वाचण्यासाठी मोडी जाणणारा शोधावा लागतो. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला स्थान मिळाले. पण संकेतांक मिळाला म्हणजे कागद वाचला गेला असे होत नाही.

संगणकावरील मराठीचीही आता तीच अवस्था होऊ पाहत आहे. १९९१ साली इस्की हे भारतीय मानक निश्चित झाले. त्यात देवनागरी, गुजराती आदी लिप्यांना एकच कोष्टक होते. लिपीची खूण बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसे. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली व पुढे तिनेच जग व्यापले. दरम्यान छापखान्यांत निराळीच पद्धत रुळली होती. फाइलीत इंग्रजी अक्षरांचे संकेतांक आणि त्यांवर मराठी अक्षरांची चित्रे चढविलेला फॉन्ट! तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर केवळ निरर्थक अक्षरांची रांग दिसते. स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या असे कितीतरी लेखन या साच्यांत पडून आहे.

रूपांतर करणारी साधने आहेत, हे खरे. पण ती मराठीच्या बारकाव्यांशी प्रामाणिक असतातच असे नाही. पादरा या नावाचे सामान्यरूप पाहावे. ‘पादऱ्याचा’ यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठविता येतो. एक प्रकार ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाचा. दुसऱ्यात साध्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. ‘अनावश्यक चिन्हे काढून टाका’ अशी आज्ञा असलेली प्रणाली ते जोडचिन्ह पुसते आणि ‘पादऱ्याचा’चे ‘पादर्याचा’ होते. ‘वडोदऱ्याचा’ यालाही तोच धोका. डोंगरातल्या ‘दऱ्या’ क्षणात ‘दर्या’ होऊन समुद्राला मिळतात. दस्तऐवजातील गावाचे वा माणसाचे नाव असे बदलले, तर त्याला केवळ शुद्धलेखनाची चूक म्हणता येत नाही.

कायद्याच्या अंगाने पाहू. तीस वर्षांचा जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येते. ही तरतूद १८७२ च्या कायद्यात होती आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. जुन्या दस्ताला कायदा असा मान देतो. पण जी फाइल दहा वर्षांनी उघडतच नाही, तिला कोणते गृहीतक वाचविणार? संविधानाच्या अनुच्छेद २९ मध्ये भाषेबरोबर लिपी जतन करण्याचा हक्कही स्पष्ट शब्दांत दिला आहे. आमच्या मते आजच्या काळात लिपीच्या जतनात तिच्या संकेतांकांचे जतनही अंतर्भूत मानले पाहिजे.

म्हणून साचा बंद करणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे आमच्या मागण्या अशा. बंद होण्याची तारीख पुरेशी आधी व मराठीतही कळवावी. एपीआयच्या उत्तरातच ती तारीख देण्याची रीत २०१९ पासून आरएफसी ८५९४ मध्ये नमूद आहे. आयात आधी थांबवावी, निर्यात शेवटी. रूपांतर ‘ऱ्य’, ‘ळ’, ‘ॲ’ अशा अक्षरांवर तपासून मगच प्रमाण मानावे. मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि संकेतांकांचे कोष्टक यांपैकी काहीही नष्ट करू नये.

सीमेपलीकडील मराठी माणसाला याची निकड अधिक आहे. तो ज्या राज्यात राहतो तेथील कारभाराची भाषा निराळी. त्यामुळे मराठी मजकूर बिघडला तरी कचेरीत तो कोणाच्या ध्यानी येत नाही. ध्यानी आणून देणारे आपणच आहोत. आपापल्या मंडळाच्या, वाचनालयाच्या, पतपेढीच्या जुन्या फाइली आज उघडून पाहाव्यात. निर्यातीची खिडकी उघडी आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.